समुद्रात दिवसभर मासेमारीला जाताय? प्रत्येक मळमळ म्हणजे ‘बोट लागणे’ नसते

चार-सहा जणांनी मिळून एक होडी दिवसभरासाठी भाड्याने घ्यायची, पहाटे जेटीवरून निघायचे, किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जायचे आणि गळाने सुरमई, कुपा, तांबोशी धरून संध्याकाळी परतायचे. मालवण आणि गोव्याच्या बाजूला अशा सहली आता बऱ्याच कुटुंबांच्या सुट्टीच्या बेतात असतात. पावसाळ्यात हे सगळे बंद असते. यांत्रिक मासेमारीला तर १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदीच असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात शांत समुद्राचा काळ, आणि त्याच्या थोडे आधी ओपीडीत हमखास एक प्रश्न येतो: “डॉक्टर, बाबांना शुगर आणि बीपी आहे. बोटीवर नेले तर चालेल ना? उलटीची गोळी लिहून द्या.”

आजार आटोक्यात असेल तर बहुतेकांना चालते. पण उलटीची गोळी हा यातला सोपा भाग आहे. अवघड भाग असा, की बोटीवर कोणाला मळमळले, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, की सगळे एकच म्हणतात, “बोट लागली, पडून राहा, बरे वाटेल.” तरुण, निरोगी माणसाच्या बाबतीत ते बरोबर असते. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र या एका शब्दाखाली दुसराच आजार झाकला जाऊ शकतो. आणि तेव्हा दवाखाना दोन-तीन तास दूर असतो.

बोट का लागते?

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. होडी डोलते आहे हे ती मेंदूला सांगत असते. त्याच वेळी डोळे मात्र गळाची गाठ, मोबाईल किंवा होडीचा तळ बघत असतात, आणि तो तर स्थिर दिसतो. दोन्हीकडून येणारा निरोप जुळत नाही आणि मळमळ सुरू होते. जांभया, तोंडाला पाणी सुटणे, थंड घाम, मग उलटी, असा साधारण क्रम असतो.

होडी वेगाने जात असताना फारसे काही होत नाही. इंजिन बंद करून गळ टाकले, की होडी लाटेला आडवी होते आणि डोलू लागते. बहुतेकांना तेव्हाच बोट लागते. त्यात डिझेलचा धूर आणि आमिषाच्या माशाचा वास. अशा वेळी होडीच्या मधल्या किंवा मागच्या भागात, पण धुराच्या वाऱ्यात न येता, उघड्यावर बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. आत जाऊन झोपायचेच असेल तर डोळे मिटून घ्यावेत. गाठी मारायचे काम खलाशाला करू द्या, त्यात कमीपणा नाही. दुपारनंतर वारा वाढतो, त्यामुळे सकाळी ठीक असलेल्या माणसाला परतीच्या वाटेवर त्रास होऊ शकतो हेही लक्षात असू द्या.

दोन ते बारा वर्षांची मुले, स्त्रिया आणि अर्धशिशीचा त्रास असलेल्यांना बोट जास्त लागते. वय वाढते तसा हा त्रास कमी होत जातो. म्हणूनच ज्यांना आयुष्यात कधी गाडी लागली नाही अशा साठीच्या गृहस्थांना समुद्रात अचानक उलट्या सुरू झाल्या, तर मी तरी पहिला संशय बोटीवर घेणार नाही.

गोळी कोणती आणि कधी?

मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीतूनच बाहेर पडते. गोळी आधी घ्यायची असते. आपल्याकडे अवोमिन या नावाने मिळणारी प्रोमेथाझिनची गोळी पहाटे निघायचे असेल तर आदल्या रात्री झोपताना घेता येते. सिनारिझिन निघण्याच्या साधारण दोन तास आधी घेतात. दोन्हींनी झोप येते, म्हणून सोबत दारू किंवा बिअर नको. प्रोस्टेटमुळे लघवीला अडणाऱ्यांनी, काचबिंदू असलेल्यांनी आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी प्रोमेथाझिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पार्किन्सनच्या रुग्णांनी सिनारिझिन टाळावे.

घरात असलेली ऑनडान्सेट्रॉनची गोळी बरेच जण खिशात टाकतात. पोट बिघडल्यावरच्या उलट्यांना ती छान लागू पडते, पण बोट लागू नये म्हणून तिचा फारसा उपयोग होत नाही. आल्याचा तुकडा चघळायला हरकत नाही; काहींना बरे वाटते, अपाय तर नाहीच.

पहाटेच्या गोळ्यांचे काय करायचे?

हा प्रश्न आदल्या दिवशी सुटला पाहिजे. समजा, वडील ग्लिमेपिराइड घेतात. पहाटे साडेपाचला गोळी घेतली, दोन बिस्किटे खाल्ली, सातला उलटी झाली आणि मग दिवसभर काही खाववले नाही. गोळी मात्र साखर खाली आणण्याचे काम करतच राहते. इन्सुलिनचेही तसेच. म्हणून अशा दिवसासाठी डोस कमी करायचा का, गोळी नीट नाश्ता झाल्यावर बोटीवरच घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. टाइप १ मधुमेह असेल तर खाणे बंद झाले तरी दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हल्ली मधुमेह, हृदय आणि किडनी अशा तिन्हींसाठी दिल्या जातात. उलट्या होत असतील आणि खाणे बंद असेल तर त्या तात्पुरत्या थांबवायच्या असतात. त्या घेणाऱ्या अनेकांना हे माहीतच नसते.

बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल (टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड हे जोडऔषध फार वापरात आहे), तर ऊन, घाम आणि उलट्या यांमुळे अंगातले पाणी लवकर कमी होते, उभे राहताना चक्कर येते. त्यातून होडीवर स्वच्छतागृह नसते म्हणून स्त्रिया आणि वयस्कर पुरुष मुद्दाम पाणी पीत नाहीत. लाज वाटून पाणी टाळण्यापेक्षा होडी ठरवतानाच सोय विचारलेली बरी. ओआरएसची पाकिटे न्या, घोट घोट प्या.

इन्सुलिन नेणार असाल तर ते माशांच्या बर्फाच्या पेटीत ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन वाया जाते आणि बघून ते कळतही नाही. कापडात गुंडाळून सावलीतल्या वेगळ्या थंड पिशवीत ठेवा.

बोट लागल्यासारखे दिसणारे तीन आजार

पहिला, साखर कमी होणे. थंड घाम, थरथर, मळमळ, गळून जाणे, चिडचिड. दिसायला हुबेहूब बोट लागणे. फरक एकाच गोष्टीने कळतो, बोटाला सुई टोचून. ग्लुकोमीटर घरी ठेवून जाऊ नका. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर थोड्या पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मीटर नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखर देऊन टाका. त्या वेळी थोडी जास्त झाली तरी बिघडत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, कुशीवर वळवून ठेवा.

दुसरा, हार्ट अटॅक. मधुमेहींमध्ये आणि वयस्कर स्त्रियांमध्ये तो नेहमी छातीत जोराची कळ येऊन होतो असे नाही. मळमळ, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात दुखणे, छातीवर ओझे असल्यासारखे वाटणे, एवढ्यावरही असू शकतो. बोट लागलेल्याला धाप लागत नाही आणि त्याचा जबडा दुखत नाही. अशी लक्षणे असतील तर वाट न बघता होडी वळवायची. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यालाच द्यावी. उलट्यांनी आधीच बीपी खाली आलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेट दिली तर तो कोसळू शकतो.

तिसरा, कीटोॲसिडोसिस. इन्सुलिन चुकलेल्या किंवा वर सांगितलेल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णात रक्तात आम्ल साठते. उलट्या, पोटदुखी, खोल आणि भराभर श्वास. या गोळ्या घेणाऱ्यांत साखरेचा आकडा फार वाढलेला नसतो, त्यामुळे मीटरही फसवतो. येथे उपयोगी खूण अशी: जमिनीवर पाय ठेवल्यावर बोट लागलेल्याला तासाभरात बरे वाटू लागते. उलट्या जेटीवर उतरल्यानंतरही चालूच राहिल्या, तर हॉटेलवर नेऊन झोपवू नका, थेट रुग्णालयात न्या.

होडी वळवायची कोणी?

छोट्या गटाच्या सहलीत एक अडचण असते, ती वैद्यकीय नाही. सगळ्यांनी पैसे भरलेले असतात, मासा नुकताच लागायला लागलेला असतो आणि आजारी माणूसच म्हणतो, “माझ्यासाठी कोणी परत फिरू नका.” म्हणून निघण्याआधीच ठरवा: अमुक लक्षण दिसले तर परतायचे आणि तो निर्णय गटातल्या अमुक माणसाचा. तांडेलालाही आजाराची कल्पना द्या. लपवू नका, तो त्याप्रमाणे किती आत जायचे हे ठरवू शकतो. होडीवर व्हीएचएफ रेडिओ आहे का ते विचारा, कारण आत गेल्यावर मोबाईलची रेंज जाते. संकटाचा संदेश चॅनेल १६ वर देतात. रेंज असेल तर तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. लाइफ जॅकेट बसायला नसते, अंगावर घालायला असते.

अलीकडे हार्ट अटॅक किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी, चालताना धाप लागणाऱ्यांनी, फिट्स आटोक्यात नसलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही दिवसभराची सहल करू नये असे माझे मत आहे. त्यांनी खाडीतली तासाभराची फेरी करावी.

गळ, काटा आणि घरी आणलेला मासा

गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. तो कातडीत पूर्ण रुतला असेल तर ओढू नका. दोरी कापा, गळ हलणार नाही असा बांधा आणि किनाऱ्यावर डॉक्टरांकडून काढून घ्या. डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जखमेवर दहा-पंधरा मिनिटे न उघडता दाब द्या. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवा. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा विषारी असतो. तो लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की वेदना बऱ्याच कमी होतात. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा काटा छाती-पोटात लागला असेल तर सरळ रुग्णालय गाठा.

पकडलेला कुपा, सुरमई किंवा बांगडा उन्हात पडून राहिला तर त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होते, आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोके दुखते, खाज सुटते, धडधडते. लोक याला माशाची ॲलर्जी समजून आयुष्यभर मासे सोडतात. मासा होडीत घेतल्या घेतल्या बर्फात गेला पाहिजे. धाप लागली किंवा चक्कर आली तर लगेच डॉक्टरांकडे जा.

शेवटची गोष्ट यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांसाठी. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू छोट्याशा जखमेतून शिरून फार वेगाने पसरतात. सहलीनंतर एक-दोन दिवसांत जखमेभोवतीची लाली पसरू लागली, फोड आले, जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखू लागली किंवा ताप आला, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. त्याच रात्री रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि जखम समुद्रात झाली होती हे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यावर अँटिबायोटिकची निवड अवलंबून असते.