माळ्यावरची लक्ष्मी

पाण्यात कमळावर उभी असलेली, चार हातांची, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती असलेली रविवर्म्यांची लक्ष्मी ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. पण तिच्या घडणीत जर्मन माणसाचाही हात होता, असे सांगितले तर वडीलधारी मंडळी चमकतात. पनवेलात तेच झाले.

कॉलेजात जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवायचे होते. एका विद्यार्थ्याच्या वाड्यात, माळ्यावरच्या ट्रंकेत, धोतरात गुंडाळलेली ही तसबीर निघाली. काच तडकलेली, चौकट वाळवीने खाल्लेली. त्याच्या आजी म्हणाल्या, “भंगलेला देव घरात ठेवू नये. गाढी नदीत सोडून ये.” मुलगा धावत माझ्याकडे आला आणि मी वाड्यावर गेलो.

काच काढली, तेव्हा खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरे दिसली: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. म्हणजे बाई बोरघाट उतरून आलेल्या! हा छापखाना रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि कर्ज वाढल्यावर त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायखरने, तो विकत घेतला. दादासाहेब फाळकेही काही काळ तेथे काम करीत होते.

शिळाछापाची विद्याच मुळी बव्हेरियातली. तिथल्या झोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडी दगड या कामात नावाजलेला. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, मग तो ओला करायचा. पाणी जिथे बसते तिथे रंग धरत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकच कागद त्या सगळ्यांवरून जायचा. तो केसभर सरकला, की देवीचा ओठ हनुवटीवर! आमच्या लक्ष्मीचा ओठ जागच्या जागी आहे.

आजींना हे काही पटेना.

“अहो मास्तर, देवीला साहेबानं रंगवलं?”

“रंगवलं रविवर्म्यांनी, आजी. छापलं साहेबानं.”

“आणि नटवलं आमच्या सासूबाईंनी,” त्या ताडकन म्हणाल्या.

खरेच होते. साडीवर खऱ्या कापडाचे तुकडे, काठाला जर, मुकुटावर टिकल्या. छापील राहिले होते फक्त मुख आणि हात. त्या काळी घरोघरच्या बायका अशा तसबिरी सजवीत. मला विचाराल तर छपाईहून ती जरच मोलाची. छापाच्या प्रती पुष्कळ, ही एकच. मळवलीचा कारखाना तर 1972 साली आगीत सापडला.

सासूबाईंचे नाव निघाले आणि नदीचा विषय मागे पडला. “न्या,” आजी म्हणाल्या, “पण लक्ष्मीपूजनाला घरी आली पाहिजे.”

नवी काच टिकल्यांना लागणार नाही अशी बेताने उंच बसवली, उन्हापासून दूर टांगली. खालच्या चिठ्ठीवर तीन नावे लिहिली: रविवर्मा, श्लायखर आणि सासूबाई. पहिल्याच दिवशी कुणीतरी काचेला कुंकू लावून गेले. शिपाई पुसू लागला, त्याला मी थांबवले.

शेवटच्या दिवशी आजी आल्या. दाराबाहेर चपला काढल्या, चिठ्ठी नातवाकडून दोनदा वाचून घेतली. संध्याकाळी तसबीर मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, “हळू ने रे, खड्डे चुकव.”