टोपली पनीर : अल्पायुषी पण लोभस

भिलाईच्या दुकानात ‘चीज’ मागितले की पिवळसर, घट्ट वडी हाती पडते आणि ‘पनीर’ मागितले की दाबून बसविलेला पांढरा तुकडा. या दोहोंहून वेगळा, दह्यासारखा मऊ तरीही आकार धरून राहणारा एक प्रकार मुंबई व सुरत येथील पारशी कुटुंबांनी जतन केला आहे. तो म्हणजे टोपली पनीर, अर्थात सुरती पनीर.

नेहमीच्या पनीरसाठी उकळत्या दुधात लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घालून ते फाडतात. येथे मात्र दूध कोमटच असते व ते रेनेट या विकराने विरजते. पूर्वी त्यासाठी प्राण्याच्या जठराचे अस्तर वापरीत. आता सूक्ष्मजीवजन्य रेनेट मिळत असल्याने शाकाहारी मंडळींनीही संकोच करण्याचे कारण नाही. विरजलेले दूध न ढवळता, अलगद पळीने मीठ पेरलेल्या छोट्या टोपल्यांत भरतात. निवळी आपसूक निथळते, वरून दाब मुळीच दिला जात नाही आणि टोपलीची वीण पनीरच्या अंगावर उमटते. मग ते खारट निवळीतच ठेवतात.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॉलविक गावाच्या नावाचे चीज याचेच भावंड म्हणावे. ते कापडात निथळत असता मध्यभागी खोलगट बसते व त्या खळग्यात फळे भरून खाण्याचा प्रघात आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते जवळजवळ लोप पावले होते. अलीकडे त्याचे पुनरुज्जीवन झाले.

अशा चीजचे दुखणे एकच, ते टिकत नाही. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर मुरवलेले चीज ही मुदत ठेव आणि हे चालू खाते! टोपली पनीर दोन-तीन दिवसांत संपवावे लागते. मुंबई ते भिलाई हा सुमारे १,१०० किलोमीटरचा प्रवास त्या नाजूक गोळ्याला मानवणारा नाही. मुंबईतही ते बहुधा घरगुती स्वरूपात व आगाऊ मागणीनुसारच होते. बनविणारे हात कमी झाले, तर त्याची जागा कारखान्यातील वडी घेऊ शकणार नाही. कारण दाब दिला की त्याचा थरथरणारा मऊपणाच जातो.

ते रस्साभाजीत घालू नये. निवळीतून हळूच बशीत काढावे, वर चिमूटभर मिरपूड घालावी आणि गार असतानाच चमच्याने खावे.