डाग बघून ओळखा!

बाराकुडाच्या जाती पंचवीसहून जास्त आणि ठेवण सगळ्यांची एकच. सडसडीत लांब अंग, पुढे आलेला खालचा जबडा, पाठीवर एकमेकांपासून फटकून असलेले दोन पर. मग त्यातला ‘ग्रेट बाराकुडा’ कोणता?

शेपटीच्या अलीकडे, पोटाच्या अंगाला बघा. काळे, वेडेवाकडे डाग दिसले की तो ग्रेट. शिवाय काळपट शेपटीची टोकं पांढरट. आपल्याही समुद्रात सापडणाऱ्या जेलो बाराकुडाला डागांऐवजी उभे नागमोडी पट्टे, शेपटी पिवळसर. तरी शंका असेल तर अंगावरच्या मधल्या रेषेतले खवले मोजा: ग्रेटचे ऐंशीच्या आसपास, जेलोचे सव्वाशेच्या घरात. (मासा तोवर थांबला पाहिजे, एवढंच!)

स्वभावही वेगळा. मलेशियातल्या सिपादान बेटापाशी काळ्या पराच्या बाराकुडांचे थवेच्या थवे गोल फिरताना दिसतात, पाणबुडे खास तेवढ्यासाठी जातात. ग्रेट लहानपणी खारफुटीत टोळीने राहतो, मोठेपणी मात्र बहुधा एकटा.

ग्रेटचा जबडा म्हणजे अडकित्ताच. मोठा मासा गिळता येत नसेल तर सरळ दोन तुकडे! माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, पण चकाकणाऱ्या वस्तूला मासळी समजून झडप घालू शकतो. पाण्यात उतरताना अंगठी, साखळी काढून ठेवलेली बरी.

खाण्याचं म्हणाल तर जपून. प्रवाळावरच्या एका सूक्ष्मजीवाचं विष लहान माशांतून मोठ्यांत चढत जातं आणि ग्रेटच्या अंगात साठतं. या विषाला ना वास ना चव, शिजवूनही ते जात नाही. बाधा झालेल्याला गार पाण्याचाही चटका बसतो! कॅरिबियन बेटांवर हे दुखणं जुनंच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रेट नाही. कॅलिफोर्नियावाले त्याच्या पॅसिफिक चुलतभावावर खुशाल ताव मारतात.

आता सोयरीक. पूर्वी शास्त्रज्ञ बाराकुडाला बोय माशाच्या जवळ बसवायचे. डीएनए तपासल्यावर बोय बाहेर गेला आणि रावस, हलवा, लेपी ही मंडळी गोतावळ्यात आली. बाजारात हलव्याशी एवढं जवळचं नातं असलेला पापलेट? तो हलव्याच्या शेजारी बसतो खरा, पण या गोतातला नव्हे.