पालकांचा अधिकार व पालकांचे कर्तव्य

नागपूरच्या सीताबर्डीत, टेकडीवरील किल्ल्याच्या पायथ्याशी, सकाळी दुकाने उघडू लागतात. त्याच सुमारास मुलांचे थवे दप्तरे घेऊन शाळेची वाट धरतात. मुलास कोणत्या शाळेत घालावे, ते आजारी पडल्यास कोणत्या डॉक्टरकडे न्यावे, हे त्याचे आईवडील ठरवितात. ही गोष्ट इतकी स्वाभाविक आहे की, तिच्यामागे कायदा आहे याचे कोणास स्मरणही होत नाही. परंतु एखाद्या दुकानदाराने आपल्या दहा वर्षांच्या मुलाची शाळा सोडवून त्यास दुकानात बसविले तर? पित्यास अडविण्याचा अधिकार कोणास आहे?

हा प्रश्न जुना आहे. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. लोकांची तशी मागणी नाही, खर्चासाठी नवे कर बसतील, असे आक्षेप निघाले आणि १९१२ साली विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तरीही तो विचार मागे पडला नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. नागपूर ज्याची राजधानी होती, त्या मध्यप्रांतातही १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला.

दंडाच्या या उपायात एक अडचण होती. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी दुर्मिळ, त्याच्याकडून दंड घेतल्यास मुलाचाच घास कमी होतो. म्हणून १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने निराळा मार्ग धरला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकास शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरले. पण त्यासाठी पालकास शिक्षा सांगितली नाही. मुख्य भार शासनावर टाकला. जवळ शाळा असावी, प्रवेशासाठी देणगी अथवा परीक्षा घेऊ नये, असे बंधन घातले. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असेही ठरविले. अशा रीतीने कर्तव्याबरोबर पालकास शाळेच्या कारभारात अधिकारही मिळाला.

दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर २०१६ साली सुधारलेल्या बालमजुरीविषयक कायद्यात आहे. घरच्या धंद्यात, तो धोक्याचा नसल्यास, मुलाने हातभार लावण्यास हरकत नाही. मात्र तो शाळा सुटल्यावर अथवा सुट्टीत. शाळेची वेळ मुलाची आहे. ती पित्यासही घेता येत नाही.

आरोग्याच्या बाबतीतही असाच तोल साधावा लागतो. १८८० च्या कायद्याने, तो जेथे लागू होता तेथे, पालकांवर मुलास देवी काढून घेण्याची सक्ती होती. १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आज लस देण्यापूर्वी पालकांना समजावून सांगण्यावर भर असतो. गोवर-रुबेलाच्या लसीसंबंधी दिल्लीच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पालकांची संमती आवश्यक मानली व त्यांना लसीची माहिती देण्यास सांगितले. मात्र संमतीचा हा अधिकार म्हणजे हेळसांड करण्याची मोकळीक नव्हे. मुलास जाणूनबुजून हालात ठेवणे हा २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अपराध आहे, मग तसे करणारे आईवडील का असेनात.

‘पालक’ म्हणजे केवळ पिता, असाही समज पूर्वी होता. १९५६ च्या कायद्यात हिंदू बालकाचा नैसर्गिक पालक प्रथम पिता व त्याच्या मागून माता असे म्हटले आहे. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लाविला की, पिता हयात असूनही तो मुलाकडे लक्ष देत नसेल, तर माता पालक ठरू शकते. पाहावयाचे ते बालकाचे हित.

शेतजमीन मालकाच्या सोयीसाठी असते. मूल तसे नाही. आईवडिलांस जो अधिकार आहे, तो मुलाच्या हितासाठी त्यांच्या हाती दिलेला आहे, आणि मूल सज्ञान होताच तो त्याचा त्याला परत करावयाचा आहे.