उंची दुप्पट, वजन आठपट

शाडूची एक फुटाची भरीव गणेशमूर्ती ५ किलोची असेल, तर हुबेहूब तशीच दोन फुटांची मूर्ती किती किलोची भरेल? दहा, असे उत्तर चटकन दिले जाते. प्रत्यक्षात ती ४० किलोची भरते आणि तीन फुटांची तर १३५ किलोची!

याचे कारण भूमितीत आहे. मूर्तीची उंची दुप्पट करताना तिची रुंदी आणि जाडीही दुप्पट होते. समरूप घनाकृतींमध्ये लांबी ज्या पटीत वाढते, तिच्या वर्गाच्या पटीत पृष्ठफळ आणि घनाच्या पटीत घनफळ वाढते. त्यामुळे दोन फुटी मूर्तीला रंग चौपट लागतो. माती मात्र आठपट.

खरी अडचण भार पेलण्याची असते. मूर्तीच्या मनगटाचा छेद चौपट होतो, पण त्यावरील हाताचे वजन आठपट होते. साहजिकच तेथील प्रत्येक चौरस सेंटीमीटरवरचा भार दुप्पट होतो आणि मूर्ती दुखावण्याचा धोका वाढतो. मोठ्या मूर्तींना आतून आधार द्यावा लागतो, तो यामुळेच.

गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच विचार मांडला होता. प्राण्याचा आकार वाढला, तर त्याची हाडे त्या प्रमाणापेक्षा अधिक जाड असावी लागतात, असे त्याने दाखवले. हत्तीचे खांबासारखे पाय त्याचीच साक्ष देतात.

विसर्जनालाही हाच नियम लागू पडतो. दोन फुटांची एक भरीव मूर्ती म्हणजे एक फुटाच्या आठ मूर्तींची माती. मूर्तीची उंची ठरवताना हे गणित ध्यानात ठेवलेले बरे.