फिरंगी म्हणजे इंग्रज नव्हे

आमच्या डोणगावाहून मेहकर, चिखली ओलांडून पश्चिमेस गेले की जालना जिल्ह्यात केळना आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यात, १८०३ साली इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेला जिथे हरविले ती असई लागते; त्यामुळे पारावर लढायांचा विषय निघाला म्हणजे कोणीतरी वडीलधारे गृहस्थ पानाला चुना लावता लावता ते ठरलेले वाक्य उच्चारतातच : ‘‘अहो, शिंद्यांच्या पलटणींवरचे सारे साहेब इंग्रजच; ऐन वेळी आपल्या जातभाईंना मिळाले, नाहीतर काय बिशाद होती!’’ हे वाक्य मी शेतकऱ्यांपासून पदवीधरांपर्यंत इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे, की आता मान डोलावणे मला अशक्य झाले आहे.

फिरंगी ही एक जात नव्हे. महादजी शिंद्यांनी १७८४ च्या सुमारास ज्याला चाकरीस ठेवले, तो द बॉयन सव्हॉयमधील शांबेरीचा, त्याच्यामागून आलेला पेराँ फ्रेंच, आग्र्याचा किल्ला सांभाळणारा हेसिंग हॉलंडातील उत्रेख्तचा, फिलोज नेपल्सचा, आणि असईला पलटणींचे आधिपत्य ज्याच्याकडे होते तो पोलमन हानोवरचा जर्मन. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाही त्याच हानोवरचा अधिपती होता, त्यामुळे या पोलमनला नेमका कोणाचा जातभाई म्हणावे, हे पारावरच्या मंडळींनीच ठरवावे.

फितुरीच्या गोष्टीत एक अंश खरा आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही. १८०३ साली युद्धाच्या तोंडावर गव्हर्नर-जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश प्रजाजनांना बाहेर पडण्यास सांगितले, त्यांच्या निर्वाहाची हमी दिली, आणि त्यांपैकी कित्येक निघून गेले. उत्तरेत पेराँनेही सप्टेंबरमध्ये धन्याची चाकरी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. परंतु असई उत्तरेत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने पिंपळगावाजवळून केळना ओलांडून बगलेवर चाल केली, तेव्हा पोलमनच्या पलटणींनी आपली सबंध आघाडी फिरवून नव्या दिशेस तोंड केले. कवायती फौजेलाही कठीण असलेली ही हालचाल पाहून वेलस्ली चकित झाला. गोलंदाज तोफांपाशी कापले गेले. काही जण मेल्याचे सोंग करून चाकांखाली पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्याच्या पाठीवर गोळे झाडू लागले. इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून दीड हजारांवर गेले. विकत घेतलेल्या फौजेला जिंकण्यासाठी कोणी इतकी किंमत मोजत नाही! मैदान सोडून घोडदळासह निघून गेले ते शिंदे आणि त्यांचे साथीदार भोसले; फिरंग्याच्या माथी खापर फोडले की हे आठवावे लागत नाही, एवढीच काय ती सोय. पुढे १ नोव्हेंबरला लासवाडीस युरोपीय अंमलदारांवाचून याच तालमीतल्या पलटणी अशा झुंजल्या, की इंग्रजांच्या जनरल लेकने स्वतःच्या खलित्यात त्यांची वाखाणणी केली.

दुसरा आक्षेप जरा विद्वत्तेच्या आविर्भावात येतो : परक्यांच्या हाती शस्त्र देणे हाच मराठ्यांचा मूर्खपणा, इंग्रज असे कधी करीत नसत. करीत नसत? १५६५ साली नॉरिच शहराने आपला बुडता विणकाम-धंदा सावरण्यासाठी डच आणि वालून अशी तीस कुटुंबे परवाना देऊन मुद्दाम बोलावली, आणि काही वर्षांतच शहराच्या वस्तीत सुमारे तिसरा हिस्सा या परकीयांचा झाला. १६८५ साली चौदाव्या लुईने नान्तचा आदेश रद्द केल्यावर सुमारे पन्नास हजार फ्रेंच प्रोटेस्टंट इंग्लंडात आले. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये त्यांचे रेशमाचे माग चालू लागले, आणि फ्रान्समधील कास्त्र येथे जन्मलेला त्यांच्यातला लिगोनिए १७५७ साली ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती झाला. पाहुण्यांचे स्वागत नेहमीच गोड झाले असे मात्र नाही. १५१७ च्या मे महिन्यात लंडनच्या उमेदवार कारागिरांनी परकीयांची घरे-दुकाने फोडली होती. मराठ्यांहून फरक इतकाच, की लिगोनिए एका राज्याचा चाकर होता आणि द बॉयन एका सरदाराचा, ज्याच्या फौजेचा मुशाहिरा दुआबातील जायदादीच्या वसुलावर अवलंबून असे.

किरकोळ गैरसमज किरकोळीतच निकालात काढतो. गारदी म्हणजे गोरे नव्हेत. पानिपतावर १७६१ साली प्राण देणारा इब्राहिमखान गारदी मुसलमान होता. कंपू म्हणजे मुळात कवायती पलटणींचा तळ आणि फौज. टोळक्याचा अर्थ मागाहून चिकटला. आणि सगळेच फिरंगी गठडी बांधून मायदेशी पळाले, हेही खोटे : हेसिंगची ताजमहालाच्या धाटणीची लाल दगडी कबर आग्र्यास आजही उभी आहे, आणि ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा फिलोज घराण्यातल्याच मायकेलने उभारला.

या परक्यांचे मोल त्या काळी कोणाला कळले असेल, तर ते इंग्रजांना. ३० डिसेंबर १८०३ रोजी आपल्याच वऱ्हाडात सुर्जी-अंजनगावास झालेल्या तहनाम्यात त्यांनी शिंद्यांकडून कलम लिहून घेतले, की इंग्रजांशी युद्धात असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन सत्तेचा प्रजाजन, आणि खुद्द ब्रिटिश प्रजाजनही, इंग्रजांच्या संमतीवाचून चाकरीस ठेवू नये.