संकेतलोप, मेंदूच्या प्रतिमांकनातील
चुंबकीय अनुस्पंदनाने घेतलेल्या मेंदूच्या प्रतिमेत काही भागांतील संकेत अतिक्षीण होतो किंवा नाहीसा होतो. या आविष्कारास संकेतलोप म्हणतात. असे भाग विश्लेषणातून वगळण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या नकाशास मुखवटा ही संज्ञा आहे.

या तंत्राच्या मूलभूत संशोधनाशी मुंबईचाही संबंध आहे. एथिल अल्कोहॉलातील प्रोटॉनांचे संकेत रेणूतील स्थानानुसार वेगळे येतात, हे जे. टी. अर्नल्ड, एस. एस. धर्मट्टी व एम. ई. पॅकर्ड यांनी १९५१ मध्ये दाखविले. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे संशोधन सुरू केले. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या तत्त्वावर प्रतिमा मिळविली, तर सेइजी ओगावा व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये रक्तातील ऑक्सिजनानुसार संकेत बदलतो, हे दाखविले.

कारणे : हवा व ऊतक (समान कार्य करणाऱ्या पेशींचा समूह) यांची चुंबकीय ग्रहणशीलता भिन्न असते. त्यामुळे त्यांच्या सीमेजवळ चुंबकीय क्षेत्र विषम बनते. प्रतिमेच्या एकाच घनकातील (सर्वांत लहान घन घटकातील) प्रोटॉनांच्या कला परस्परांपासून दूर जातात व त्यांचे संकेत एकमेकांस छेदून टाकतात. नासाकोटरांवरील ललाटखंडाचा तळ आणि कर्णाजवळील शंखखंडाचा खालचा भाग यांत हा दोष विशेष आढळतो. जुना रक्तस्राव व धातूची रोपणे यांमुळेही तो उद्‌भवतो. ज्या संवेदनशीलतेमुळे मेंदूचे कार्य टिपता येते, तीच या दोषाचे मूळ आहे.

उपाय : घनक लहान ठेवणे, प्रतिध्वनिकाल कमी करणे, छेदाचा कल बदलणे व क्षेत्र अधिक एकविध करणे हे उपाय प्रतिमा घेतानाच योजावे लागतात. क्षेत्रनकाशाच्या साहाय्याने प्रतिमेची विकृत आकृती बरीचशी सुधारता येते. परंतु नष्ट झालेला संकेत नंतर परत मिळत नाही.

मुखवटा : संकेत विशिष्ट सीमामूल्याखाली असल्यास तो घनक वगळतात. गटाच्या अभ्यासात बहुधा सर्व व्यक्तींना समाईक असलेले घनकच ठेवले जातात. त्यामुळे एका व्यक्तीतील लोपाने तो घनक सर्वांसाठी बाद होतो. समजा, एखाद्या घनकात प्रत्येक व्यक्तीत लोपाची संभाव्यता ५ टक्के आहे व व्यक्ती परस्परनिरपेक्ष आहेत. तर २० व्यक्तींच्या गटात तो घनक टिकण्याची संभाव्यता सु. ३६ टक्केच उरते. सीमामूल्य फार उतरविल्यास मात्र केवळ गोंगाट असलेले घनकही विश्लेषणात शिरतात. म्हणून शारीररचनेवर आधारित मुखवटा वापरणे, किंवा ठराविक किमान संख्येच्या व्यक्तींत संकेत असल्यास घनक राखणे, हे मार्ग अवलंबितात.

वगळलेल्या भागाविषयी अभ्यास काहीच सांगत नाही. तेथे क्रिया आढळली नाही, यावरून तेथे क्रिया होत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. ललाटखंडाच्या तळाचा निर्णय व भावना यांच्याशी संबंध असल्याने ही चूक गंभीर ठरू शकते. रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या गटांत लोपाचे प्रमाण भिन्न असल्यास त्यांची तुलनाही दूषित होते. यास्तव निष्कर्षांसोबत प्रत्यक्ष वापरलेला मुखवटा दर्शविणे आवश्यक असते.